सुंठीचा काढा आणि महिन्याचें दुखणें

मराठी घरांत सुंठीचा मान मोठा. रामनवमीला तिचा सुंठवडा होतो, आमरसावर तिची चिमूट पडते, बाळंतिणीच्या लाडवांत ती असते आणि पडशाच्या काढ्यांत तर असतेच. तिचें आणखी एक काम मात्र हलक्या आवाजांत सांगितलें जातें. वयांत आलेली मुलगी पाळीच्या पहिल्या दिवशीं गुडघे पोटाशीं घेऊन निजली, कीं आजी सुनेला नुसती खूण करते आणि शेगडीवर सुंठ-गुळाचें पाणी उकळूं लागतें. पेला मुलीच्या हातांत येतो, ती तो मुकाट्यानें रिकामा करते, आणि घरापुरता तो विषय संपतो. त्या पेल्यांत खरोखर गुण किती, आणि विषय तेथेंच संपणें कितपत योग्य, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

जुन्या वैद्यकानें सुंठीला 'विश्वभेषज' आणि 'महौषध' अशीं नांवें दिलीं आहेत. जें औषध साऱ्या विश्वाचें म्हणवितें, तें नेमकें कोणत्या दुखण्याचें, असा संशय चिकित्सक माणसाला आल्यावांचून राहत नाहीं. दुखण्याचें वर्णन मात्र त्या ग्रंथकारांनीं डोळसपणें केलें आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत 'उदावर्तिनी' नांवाचा विकार सांगितला आहे. त्यांत रज कष्टानें बाहेर पडतें आणि तें मोकळें झालें कीं स्त्रीला तत्काळ सुख वाटतें, असें म्हटलें आहे. आजहि असंख्य स्त्रिया आपल्या दुखण्याचें वर्णन असेंच करतील.

या कळा येतात कशानें, याचा उलगडा विसाव्या शतकांत झाला. पाळीच्या तोंडावर गर्भाशयाच्या आंतील अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांच्यामुळें गर्भाशयाचा स्नायु आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि कळ उठते. त्या दिवसांत कित्येकींना मळमळतें किंवा ढाळ होतात, त्याचेंहि मूळ पुष्कळ अंशीं तेंच. हें नांव १९३५ सालीं स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर यांनीं दिलें. १९७१ सालीं जॉन व्हेन यांनीं ॲस्पिरिन या द्रव्यांची उत्पत्तीच रोखतें हें दाखवून दिलें. १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. औषधांच्या दुकानांत मिळणारीं मेफेनॅमिक ॲसिड आणि आयब्युप्रोफेन हीं औषधें त्याच रीतीनें काम करतात. आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्याचा. आलें वाळून सुंठ होतांना त्याच्या कांहीं भागाचें शोगाओल बनतें, आणि तें अधिकच झणझणीत असतें. प्रयोगशाळेंतील कसोट्यांत हीं द्रव्येंहि प्रोस्टाग्लँडिनच्या निर्मितीस अडथळा करतांना आढळलीं आहेत.

परंतु परीक्षानळींतील गुण पोटांत उतरतोच असें नाहीं. शिवाय पाळीचें दुखणें दोन दिवसांत बहुधा आपोआपच ओसरतें. तेव्हां येथें सुंठीवांचून खोकला गेला आणि श्रेय मात्र सुंठीला मिळालें, असें होण्याचा संभव फार. म्हणून तुलनेचे प्रयोग लागतात. ते मुख्यतः इराणमध्यें झाले. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १५० विद्यार्थिनींचे तीन गट केले होते. एकीस २५० मिलिग्रॅम सुंठ दिवसांतून चार वेळां तीन दिवस, दुसरीस मेफेनॅमिक ॲसिड, तिसरीस आयब्युप्रोफेन. तिन्ही गटांना सारखाच आराम पडला. २०१२ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत १२० विद्यार्थिनी होत्या आणि निम्म्या जणींना दिसण्यांत तशीच, पण औषध नसलेली पुडी दिली होती. ५०० मिलिग्रॅम सुंठ दिवसांतून तीनदां घेणाऱ्यांच्या कळा कमी झाल्या. त्यांतहि ज्यांनीं पाळीच्या दोन दिवस आधींपासून सुरुवात केली, त्यांच्या वेदनेचा काळहि आंखूड झाला. हे प्रयोग लहान आहेत, थोड्या महिन्यांचे आहेत, हें विसरून चालणार नाहीं. तथापि आजीची खूण अगदींच निराधार नव्हती, एवढें त्यांवरून म्हणतां येतें.

चूक होत असेल तर ती मापाची व वेळेची. चहाचा सपाट चमचाभर सुंठपूड साधारण दोन ग्रॅम भरते. प्रयोगांतील दिवसाचें माप त्याहून कमीच, एक ते दीड ग्रॅम, आणि तेंहि तीन-चार वेळां विभागून घेतलेलें. घरीं बहुधा कळ असह्य झाल्यावर एकच पेला दिला जातो, आणि तोहि गाळून. निम्मी सुंठ गाळणीतच राहते. प्रयोगांत पूड गिळलेली होती. तेव्हां ती कोमट पाण्यांत गूळ घालून गाळासकट घेतलेली बरी. ओल्या आल्यांत चार-पंचमांश पाणीच असतें, म्हणून तें सुंठीच्या पांचपट घ्यावें लागेल. उपाशीं पोटीं घेतल्यास छातींत जळजळतें. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असतील, तर वैद्यकीय सल्ल्यावांचून घेऊं नये. आलें उष्ण, त्यानें अंगावरून जास्त जाईल, ही भीति पुष्कळ घरांत आहे. पण २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अतिस्राव होणाऱ्या मुलींचा स्राव सुंठीनें उलट कमी झाला.

आतां त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीसमूह गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा आंतड्यांजवळ वाढण्याचा एक रोग आहे. त्यास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रजननक्षम वयाच्या सुमारें दहा टक्के स्त्रियांना तो असतो. त्याचें निदान होण्यास वर्षानुवर्षें लागतात, आणि या विलंबाचें एक कारण घरांतच असतें. "बायकांच्या जातीला हें चालायचेंच," असें आई म्हणते, कारण तिला तिच्या आईनें तेंच सांगितलेलें असतें. काढ्याचा पेला पुढें होतो, तो मायेनेंच; परंतु शाळा बुडविणारी कळ दर महिन्यास तशीच येत असतां तोच पेला पुनः पुनः भरला गेला, तर ती माया रोगाला वेळ देत राहते.

सुंठ दोन-तीन महिने योग्य मापानें व वेळीं घेऊनहि आराम नसेल, दुखणें दर खेपेस वाढत असेल, पाळी नसतांनाहि ओटीपोट दुखत असेल, शौचाच्या किंवा समागमाच्या वेळीं कळ येत असेल, किंवा पूर्वी कधीं न दुखणाऱ्या स्त्रीला तिशीनंतर दुखूं लागलें असेल, तर तें स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखविलें पाहिजे. जोडीला ताप किंवा फार रक्तस्राव असेल, तर काढ्याची वाटहि पाहूं नये.

स्वयंपाकघरांतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर दूधवाल्याचे खाडे मांडलेले असतात. त्याच चौकटींत मुलीच्या पाळीचा पहिला दिवस, कळ किती वेळ राहिली, सुंठ केव्हां घेतली आणि शाळा बुडाली कीं नाहीं, एवढ्या चार खुणा मावतात. तसे तीन महिन्यांचे कागद घेऊन मायलेकी दवाखान्यांत गेल्या, तर डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठीं मुलीला आईच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं.