सोलापुरात बसून अमेरिकेतलं मास्टर्स: दहापैकी सहा विषयांनंतर

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: "दादा, नोकरी चालू आहे, पण कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करावंसं वाटतंय. नोकरी सोडू का?" आज त्यावरच बोलू. मी स्वतः सध्या मास्टर्स करतोय. दहा विषयांपैकी सहा झालेत, चार बाकी आहेत. म्हणजे हातात डिग्री अजून बीटेकचीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला रस्ता तुम्हाला माहितीच आहे: गेट. तीन तास, 65 प्रश्न, 100 मार्क. त्यात पात्र ठरून एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजात फुल-टाइम एमटेकला प्रवेश मिळाला, की महिन्याला 12,400 रुपये स्कॉलरशिप, जास्तीत जास्त 24 महिने. घरची जबाबदारी नसेल तर हा चांगला रस्ता आहे. माझ्या घरी मात्र बाबांची बायपास झालेली, घराचा हप्ता चालू आणि पगार एकाचाच. ते गणित 12,400 मध्ये बसत नव्हतं. अमेरिकेला जाऊन शिकायचं तर त्याहून मोठं कर्ज.

मग तिसरा रस्ता सापडला. अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाने जानेवारी 2014 मध्ये कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स पूर्ण ऑनलाइन सुरू केलं. ओएमएससीएस म्हणतात त्याला. दहा विषय, 30 क्रेडिट. अख्ख्या डिग्रीचा खर्च साधारण सात हजार डॉलर, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. जीआरई लागत नाही. पण आत गेल्यावर पहिल्या वर्षातच दोन पायाभूत विषयांत बी किंवा त्याच्या वरचा ग्रेड आणावा लागतो.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "घरात बसून अमेरिकेचं कॉलेज? फसवणूक तर नाही ना रे?" प्रश्न बरोबर होता. मी त्यांना विद्यापीठाची साइट दाखवली आणि सांगितलं, फी दर सेमिस्टरला भरायची आहे; एक विषय घेऊन बघतो, नाही झेपलं तर पुढची भरायची नाही. तेव्हा कुठे ते "बघ मग" म्हणाले.

आता मुख्य मुद्दा. शिकायला काय मिळतं? नवीन फ्रेमवर्क शिकायला मिळेल असं वाटत असेल, तर त्यासाठी यूट्यूब पुरेसं आहे. इथे झाकण उघडून आत बघायला लावतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय घेतला, त्यात सी भाषेत फाइल सर्व्हर लिहायचा होता. एकाच वेळी अनेक थ्रेड काम करणार. तिथे डेडलॉक म्हणजे काय ते अंगावर आलं.

सोप्या भाषेत सांगतो. तुझ्याकडे गाडीची चावी, भावाकडे पेट्रोलचे पैसे. तू म्हणतोस आधी पैसे दे, तो म्हणतो आधी चावी दे. दोघंही संध्याकाळपर्यंत दारातच. उपाय काय? घरात नियम करायचा: आधी चावी घ्यायची, मगच पैसे. चावी मिळाली नाही त्याने पैशाला हात लावायचा नाही. लॉक घेण्याचा क्रम ठरला की हा गुंता होतच नाही.

आमच्या कामावर एक सर्व्हिस मधूनच अडकून बसायची आणि टीमचा ठरलेला उपाय एकच, रीस्टार्ट. हा विषय झाल्यावर मी थ्रेड डंप काढून बसलो. दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत होते. क्रम बदलला, सर्व्हिस अडकायची थांबली. पगार वाढला नाही, पण रात्री दोनला येणारा फोन बंद झाला.

आता किंमत. पैशाची सांगितली, वेळेची राहिली. एका विषयाला मला आठवड्याला पंधरा ते वीस तास लागतात. काही विषयांची डेडलाइन रविवारी मध्यरात्रीची असते, तीही पृथ्वीवर सगळ्यात शेवटी जिथे रविवार संपतो तिथली. सोलापुरात तेव्हा सोमवारची संध्याकाळ, साडेपाच. म्हणजे ऑफिस चालू असतानाच. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आणि स्प्रिंग सेमिस्टर एकदमच येतात. परीक्षा वेबकॅमसमोर, खोलीत दुसरं कुणी यायचं नाही. एकदा नेमकं त्याच वेळी नळाला पाणी आलं. आईने एकटीने सगळी पिंपं भरली, मला हाक मारली नाही.

बाबांच्या चेकअपला मी जायचो, आता बरेचदा बहीण रजा काढून जाते. डिग्रीवर नाव माझं एकट्याचं येईल, पण हे तास घरातल्या चौघांचे आहेत. म्हणून आता उन्हाळ्याचं सेमिस्टर मी सोडतो. डिग्रीला सहा वर्षांची मुदत आहे. उशीर झाला तरी चालेल.

तर नोकरी सोडू का, याचं माझं उत्तर: आधी घरात बसून बोला. तुमचे तास गेले तर ते काम कोण करणार, हे नावानिशी ठरवा.

आणखी दोन गोष्टी. या ऑनलाइन डिग्रीने अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. आणि सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीच्या मान्यतेची चौकशी फी भरायच्या आधी करा.

यातल्या बऱ्याच विषयांची लेक्चर्स सगळ्यांना फुकट बघता येतात. दोन आठवडे रोज रात्री दीड तास बसून बघा. दोन आठवड्यांनी स्वतःला विचारा, आणि घरच्यांनाही विचारा. मग कळवा मला काय ठरलं ते. भेटू पुढच्या भागात.