पानगळ आणि शेजारधर्म

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चार शब्द बोला, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हातात सुई द्या, झारा द्या, मागे हटायची नाही. पण सभेत उभे राहायचे म्हणजे पाय कापतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही तीन महिने अमेरिकेत राहून आलात, तिथल्या बायकांत बसलात-उठलात. पाहिले तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चूकभूल सांभाळून घ्यावी.

२०२३ सालच्या सप्टेंबरात धाकट्या बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सी राज्यातील एका लहान गावी गेले, ती नोव्हेंबरअखेर परतले. म्हणजे तिकडचा पानगळीचा हंगाम मी पुरा पाहिला. बहिणीच्या दारासमोर मॅपलचे मोठे झाड आहे. मी गेले तेव्हा हिरवेगार होते. महिन्याभरात ते असे लाल-केशरी झाले की जणू कुणी कुंकवाचा करंडा उपडा केला. थोरल्या भाचीने शाळेत शिकलेले सांगितले, की दिवस लहान होऊन थंडी पडू लागली म्हणजे पानातला हिरवा रंग आटतो आणि आधीपासून आत दडलेला पिवळा दिसू लागतो. लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. नंतर पाने गळतात, अंगणात घोटाभर थर साचतो. घरोघरी पायरीवर लाल भोपळे मांडलेले. आपल्याकडे नवरात्र-दिवाळी येते, तसेच तिकडेही ते लगबगीचे दिवस.

बहिणीच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. बाळ घरी आले त्या दिवशी त्या सफरचंदाचा गोड पाय घेऊन आल्या. मला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. बहीण मध्ये बसून दोघींचे बोलणे सांगे. मी बाळाच्या झबल्याला बंद लावीत होते. त्यांनी माझे टाके निरखून पाहिले आणि बहिणीला म्हणाल्या, "तुझ्या ताईला आमच्या चर्चमध्ये घेऊन जाऊ का? आम्हाला बटणे लावायला माणूस हवे आहे." बहिणीने मला विचारले, "जाशील का गं ताई?" मी म्हटले, "बटणेच लावायची ना? मग जाते."

ते चर्च एपिस्कोपल पंथाचे. हे मूळ इंग्लंडातल्या चर्चचे घराणे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८९ साली त्यांनी आपली वेगळी घडी बसवली. आपल्या देशातील चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ज्याची स्थापना १९७० साली आपल्या नागपुरात झाली, तेही याच मोठ्या कुटुंबातले. एका चर्चची जी मंडळी, तिला पॅरिश म्हणतात. कारभार निवडून दिलेली पंच मंडळी आणि पाळक मिळून पाहतात. तिथल्या पाळक एक बाई होत्या, याचे मला नवल वाटले. आजी म्हणाल्या, हे सुखासुखी झाले नाही. १९७४ साली फिलाडेल्फिया शहरात अकरा जणींनी नियमाला न जुमानता दीक्षा घेतली, तेव्हा मोठे वादळ उठले. मग १९७६ साली चर्चच्या मोठ्या सभेने बायकांना पाळक होण्याची मोकळीक दिली. त्या सभेत प्रतिनिधी म्हणून बसण्याचा हक्कसुद्धा नियमाने मिळाला तो १९६७ चा ठराव झाल्यावर, १९७० पासून. तोवर स्वयंपाक बायकांनी करायचा, पैसा बायकांनी जमवायचा, आणि ठराव पुरुषांनी करायचे. मी म्हटले, "आजी, हे तर ओळखीचे वाटते!" त्या खूप हसल्या.

आता कामाचे सांगते. थंडी पडण्याआधी, ऑक्टोबरात, गावातील लोक जुने लोकरी कोट चर्चमध्ये आणून टाकतात. तळघरातल्या हॉलमध्ये पिशव्यांचा ढीग. आम्ही सात-आठ जणी टेबलाभोवती बसत असू. पहिली पिशवी मी उघडली तर त्यात फाटक्या अस्तराचा, डाग पडलेला कोट. मी आपल्या रीतीने तो 'द्यायच्या' ढिगात ठेवला. शेजारच्या बाईंनी तो हळूच उचलून बाजूला काढला. बहिणीच्या मुलीने मला सांगितले, "मावशी, त्या म्हणतात, आपण जो घालणार नाही तो दुसऱ्याला द्यायचा नाही." धड असलेल्या कोटांची तुटकी बटणे लावायची, चेन दुरुस्त करायची, खिसे तपासायचे, धुऊन इस्त्री करून मापाप्रमाणे खांद्यावर टांगायचे. लोक येतात, आरशासमोर घालून पाहतात, आवडला तो नेतात. मी त्या महिन्यात किती बटणे लावली ते मोजले नाही, पण एक गोष्ट मनात टोचत राहिली. दिवाळीच्या साफसफाईत मी कामवाल्या बाईंना ज्या साड्या देत आले, त्यांतल्या किती मी स्वतः नेसले असते?

दर शनिवारी सकाळी त्याच हॉलमध्ये अन्नाची कोठी उघडे. तिकडे फूड पँट्री म्हणतात. अमेरिकेत गरिबी असते हेच मला ठाऊक नव्हते. नोकरी करणारी माणसेही येत. घरभाडे आणि औषधे यांतच पगार संपतो. सरकार धान्य-भाजीसाठी कार्ड देते, पण त्यावर साबण, बाळाचे लंगोट, मासिक पाळीचे कापड मिळत नाही. म्हणून पॅरिशच्या बायका त्याच वस्तू मुद्दाम जमवतात. कोठी दुकानासारखी मांडलेली. फळीवर तांदूळ, शेंगदाण्याचे लोणी, डबाबंद घेवडा, बटाटे, कांदे, सफरचंदे. येणाऱ्याला फक्त घरात माणसे किती एवढेच विचारतात. धर्म नाही, जात नाही, "तुम्हाला कशाला हवे?" हेही नाही. ढकलगाडी हाती देतात आणि ज्याने त्याने आपले निवडून घ्यायचे.

तिथे माझ्या हातून एक चूक झाली. एक गृहस्थ भीत भीत आले. मला दया आली. मी भराभर तांदूळ, घेवडा, पीठ त्यांच्या गाडीत भरले. ते काहीच बोलेनात. पाळकबाईंनी येऊन त्यांच्याशी गप्पा मारल्या, तेव्हा कळले की ते आपल्या मोटारीतच राहतात. चूल नाही, डबा उघडायची किल्ली नाही. तांदूळ घेऊन ते काय करणार? मग त्यांनी स्वतः कडी ओढून उघडणारे डबे, केळी आणि पाव निवडले. मला कोणी रागावले नाही. पण मला कळले, की देणाऱ्याने न विचारता दिले तर त्यात देणाऱ्याचेच समाधान होते.

आणखी एक पाहिले. कांद्याची पोती उचलणारी जी धट्टीकट्टी बाई सगळ्यांत पुढे असे, तीच काम आटोपल्यावर स्वतःची ढकलगाडी घेऊन रांगेत उभी राही. कोण देणारे आणि कोण घेणारे, हे त्या हॉलमध्ये मला शेवटपर्यंत नीट ओळखता आले नाही.

हंगामातले बाकीचे थोडक्यात सांगते. ऑक्टोबरच्या आरंभी असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाने जनावरांना आशीर्वाद देतात. कुत्री, मांजरे, एका मुलाने तर काचेच्या भांड्यातून मासा आणला होता. मला आपला पोळा आठवला. म्हाताऱ्या माणसांच्या अंगणातली पाने ओढायला पॅरिशची तरुण मुले जात. पाच नोव्हेंबरला, रविवारी, सर्व संतांच्या दिवसाची उपासना झाली. वर्षात गेलेल्यांची आणि ज्याला ज्याचे नाव द्यायचे असेल त्याची नावे वाचतात. आजींनी माझ्या आईचे नाव मला लिहून मागितले. पाळकबाईंनी ते वाचले, उच्चार पार बिघडला, पण माझ्या डोळ्यांना पाणी आले. तीनच आठवड्यांपूर्वी मी बहिणीच्या घरी सर्वपित्रीचे पान वाढले होते. पुढल्या रविवारी, बारा तारखेला, आपले लक्ष्मीपूजन आले. उपासनेनंतरच्या कॉफीला मी चिवडा आणि बेसनाचे लाडू नेले. आधी त्यांनी ताटाजवळ चिठ्ठी लावायला सांगितली, की यात शेंगदाणे आहेत, काजू आहेत. तिकडे कित्येकांना ते बाधतात. मग ताट रिकामे व्हायला वेळ लागला नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा सण, थँक्सगिव्हिंग. त्यासाठी गरजू घरांना टर्की पक्षी, बटाटे, क्रॅनबेरी यांची टोपली देतात. पण आधी विचारतात, घरी भट्टी आहे का? नसेल तर दुकानाचे कार्ड.

सगळेच तिकडे चांगले, असे मी म्हणणार नाही. चर्चची निम्मी बाके रिकामी असत आणि भरलेल्या बाकांवर पांढरे केसच अधिक. आजींची मुले दूर, आठवड्यातून एकदा फोन. मोटार नसेल तर माणूस घरातच अडकतो. पॅरिशलाही पैशाची ओढाताण. पानगळीच्या दिवसांतच घरोघरी एक कार्ड देतात. येत्या वर्षी आपण किती देऊ ते ज्याने त्याने लिहायचे. त्यावरून पुढल्या वर्षीचा खर्च ठरतो. हिशेब सर्वांपुढे मांडतात.

आजींच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक लहान निळी पेटी होती, कागदी. दिवसात काही चांगले घडले की त्या एक नाणे तीत टाकत. नातवाचा फोन आला, एक नाणे. गुडघा कमी दुखला, एक नाणे. ही रीत त्या पंथातल्या बायकांनी १८८९ साली सुरू केली. ज्युलिया एमरी नावाच्या बाईंनी बायकांच्या संघाचे काम चाळीस वर्षे चालवले, त्यांचा यात मोठा हात. पहिल्या वेळी दोन हजार डॉलरांहून थोडे अधिक जमले. त्यातून अलास्काच्या बर्फात एक चर्च उभे राहिले. आजही वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, पेट्या रिकाम्या करतात आणि तो पैसा दूरदूरच्या कामांना जातो. आजींनी निघताना मला एक घडी केलेली पेटी दिली.

आता जे सांगण्यासाठी मी खरी उभी राहिले, ते सांगते. २०२२ च्या दिवाळीत आपल्या मंडळाने मागच्या वस्तीत फराळ वाटला. फोटो हवेत, हा आग्रह माझा होता. एक बाई पुडा घेऊन मान खाली घालून चालली होती. मी तिचा दंड धरून तिला कॅमेऱ्याकडे वळवले आणि म्हटले, "हस की गं!" तो फोटो मोबाईलवर गावभर गेला. तिच्या मुलाला शाळेत पोरे 'फुकट्या' म्हणू लागली. ती बाई आपल्यातल्या काही जणींकडे भांडी घासत असे. त्यानंतर ती आमच्या गल्लीत आली नाही. मी वर्षभर म्हणत राहिले, "बघा, दिले तरी किंमत नाही." त्या तळघरात, ते गृहस्थ तांदळाकडे बघत गप्प उभे राहिले, तेव्हा मला तिची खाली घातलेली मान आठवली. माझी चूक कळायला मला समुद्र ओलांडावा लागला. खरे तर गल्ली ओलांडली असती तरी पुरले असते.

परत आल्यावर मी तिच्या घरी गेले. चुकले म्हणाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग चहा टाकला. एवढेच.

गेल्या दिवाळीत मी आपल्या काही जणींना सुचवले, की वाटण्याऐवजी वस्तीतल्या बायकांना बोलावून फराळ एकत्र करू. भाजणी आपली, तेल आपले, हात सगळ्यांचे. नंतर सगळ्यांनी सारखे वाटून न्यायचे. सोळा जणी आल्या. ती बाईही आली. तिच्या चकलीला जो काटा येतो तसा आपल्यातल्या एकीच्याही चकलीला येत नाही, हे मी आज सर्वांदेखत सांगते. फोटो कोणी काढला नाही.

माझी मंडळाला विनंती एवढीच, की हे एका वर्षापुरते राहू नये. यापुढे वाटपाचे फोटो नकोत. जुने कपडे द्यायचे ते धुऊन, बटणे लावून. आणि काही देण्याआधी, "तुम्हाला काय लागेल?" हे विचारावे; वस्तीतल्या दोघी-तिघी आपल्या कार्यकारिणीवर याव्यात.

ती निळी पेटी मी देवघराच्या फळीवर ठेवली आहे. रोज रुपया-दोन रुपये पडतात, कधी पाच. आज ती बरोबर आणली आहे. अजून उघडलेली नाही. किती निघतील ठाऊक नाही. जे निघेल ते मंडळाच्या बटण-दोऱ्याच्या खात्यात जमा करावे.