विचारायला लाज कसली?

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या सभासदांच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सचिव मला म्हणाले, "सर, तुम्ही अमेरिकेला जाऊन आले, तिथलं काहीतरी सांगा." मी म्हटलं, अमेरिकेचं काय सांगायचं? ते आता घरोघरी माहीत आहे. आपल्या लेआउटमध्ये मोजकीच घरं असतील, ज्यांचं कुणी पुण्याला, बंगलोरला नाहीतर तिकडे नाही. मी तिथे पोचलो कसा, तेवढंच सांगतो. पारशिवनी ते शिकागो हा प्रवास दीड दिवसाचा ठरला होता. लागले जवळपास तीन दिवस.

मुलीचं बाळंतपण होतं. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, भिवापुरी मिरचीचं तिखट, कुरड्या, असं सगळं भरून दोन मोठ्या बॅगा झाल्या. आमच्या सौभाग्यवतींना गेली नऊ वर्षं मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं. ती म्हणाली, "अहो, इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवू." मी म्हटलं, "सुया पाहून सिक्युरिटीवाले काढून फेकतील. चालू पेन पर्समध्ये ठेव, बाकीचे मोठ्या बॅगेत जाऊ दे." मी पडलो गणिताचा मास्तर. पेनमधले आकडे पाहिले, भागाकार केला. मुंबईचा एक डोस, विमानातला एक डोस, शिकागोला उतरलं की बॅग हातात. हिशोब बरोबर होता. उशीर मात्र त्यात धरला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही ऐकत नाही नं कोणाचं." आणि तिने पेन पर्समध्ये ठेवला.

नागपूरहून विमान तीन तास उशिरा सुटलं. उत्तरेकडे धुकं होतं, तिकडून येणारं विमानच आलं नव्हतं. मुंबईला हाताशी भरपूर वेळ ठेवला होता म्हणून ते निभावलं. मुंबईचं विमान पहाटे चारचं. आम्हाला आत बसवलं, दारं लावली, आणि दोन तास तिथेच. मग तांत्रिक बिघाड म्हणून सगळ्यांना खाली उतरवलं. निघता निघता साडेनऊ झाले. आखातातल्या त्या मोठ्या विमानतळावर उतरलो तेव्हा शिकागोचं विमान कधीच गेलेलं होतं. कंपनीचं नाव मी घेत नाही. बिघाड कोणाचाही होऊ शकतो, आणि बिघडलेलं विमान उडवलं नाही याबद्दल मी आभारीच आहे.

पण पुढचं ऐका. चुकलेल्या प्रवाशांसाठी एकच खिडकी, आणि समोर दोन-तीनशे माणसं. अडीच तासांनी नंबर लागला. मुलीने संगणकात पाहून सांगितलं, "उद्या सकाळचं विमान." जेवणाची दोन कुपनं दिली आणि हॉटेलसाठी तिकडे बसा म्हणाली. आम्ही बसलो. एक वाजला, चार वाजले, सात वाजले. लोक उठून जात होते, भांडत होते, खिडकीवर हात आपटत होते. मी बसलेलो. का? तर आपला नंबर आला की बोलावतील. मधे जाऊन विचारणं बरं दिसत नाही. आणि खरं सांगू का, त्या मुलीचं इंग्रजी मला अर्धंच कळलं होतं, "पुन्हा सांगा" म्हणायची लाज वाटली.

तेहतीस वर्षं मी पोरांना एकच सांगत आलो. नाही समजलं तर विचारा, विचारायला लाज कसली? आणि स्वतः एकसष्टाव्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा खाली मान घालून बसलो होतो.

संध्याकाळचा डोस टळला. पेन संपलेला, इन्सुलिन बॅगेत, आणि बॅगा कुठे ते देवाला ठाऊक. हिने जेवायचं टाळलं. सारखं पाणी पीत होती, सारखी बाथरूमला जात होती. मग गप्प झाली. डोळे मिटून टेकून बसली. मी विचारलं, "बरं नाही का वाटत?" म्हणाली, "झोप येऊन राहिली." मला तिचा आवाज आवडला नाही. पण तरी मी उठलो नाही, हे इथे सगळ्यांसमोर कबूल करतो.

आमच्या बाजूला एक पोरगा बसला होता. तेलंगणातला, निजामाबादकडचा. दुसऱ्या एका आखाती देशात बांधकामावर होता. त्याचंही पुढचं विमान चुकलं होतं. तो बराच वेळ हिच्याकडे पाहत होता. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "चाचा, चाची को शुगर है क्या? मेरे बाप को था. यहाँ मत बैठो. जाके 'मेडिकल' बोलो, एकही शब्द बोलो." मी घुटमळलो. तो उठला, रांग सोडून थेट खिडकीशी गेला आणि मोठ्याने ओरडला, "मेडिकल! मेडिकल!" पाच मिनिटांत व्हीलचेअर आली हो! सकाळपासून मी ज्या शब्दाची वाट पाहत होतो, तो माझ्याच तोंडात होता.

विमानतळावरच्या दवाखान्यात साखर तपासली, 386. डॉक्टरीणबाई केरळच्या, बोलायला मायाळू. म्हणाल्या, इन्सुलिन देते, पण कोणतं आणि किती, ते प्रिस्क्रिप्शन दाखवा. प्रिस्क्रिप्शन? ते घरी, पारशिवनीत, कपाटातल्या फायलीत.

आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. आमच्या कंपाउंडला लागून ज्यांचं घर आहे, ते आज इथे समोर बसले आहेत. नाव घेऊ नका म्हणाले, म्हणून घेत नाही. सांडपाण्याच्या नालीवरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, हे अर्ध्या लेआउटला माहीत आहे. निघताना घराची चाबी त्यांच्याकडे दिली होती ती हिने, मला न विचारता. मी फोन लावला. काय बोलावं सुचेना. ते म्हणाले, "सर, नालीचं नंतर पाहू. फाइल कोणत्या कपाटात आहे ते सांगा." फाइल सापडली, पण त्यातला कागद जुना, डोस पुढे बदललेला. तर हा माणूस थंडीत मफलर गुंडाळून आमच्या डॉक्टरांच्या घरी गेला, त्यांना उठवलं, नवा डोस लिहून घेतला, फोटो काढून पाठवला. चाळीस मिनिटांत. नंतर मी त्यांना म्हटलं, तुम्ही स्वतःच्या दुखण्यासाठी डॉक्टरला रात्री उठवलं असतं का? म्हणाले, "नाही जी. सकाळपर्यंत सहन केलं असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

हिला इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. रात्री बाराच्या सुमारास तिने डोळे उघडून विचारलं, "बॅगा आल्या का?" तेव्हा मला समजलं की आता बरं आहे. मी चहा आणायला बाहेर आलो तर तो पोरगा तिथेच, त्याच खुर्चीवर. मी म्हटलं, "तुझं काय झालं बेटा?" त्याने सांगितलं की आदल्या दिवशी त्याचा बाप गेला. शेवटचं दर्शन मिळावं म्हणून गावात प्रेत ठेवलंय. आणि खिडकीवर त्याला परवाचं तिकीट दिलंय. "तू सांगितलंस का त्यांना?" तर म्हणे, "इंग्रजी नहीं आता. और अपने लिए क्या बोलना."

मित्रांनो, मग हा मास्तर उठला. दिवसभर बायकोसाठी जे जमलं नाही, ते त्या अनोळखी पोरासाठी जमलं. रांग ओलांडून मी खिडकीवर गेलो आणि शाळा तपासणीला आलेल्या साहेबांपुढे बोलावं तसं ठणकावून म्हटलं, "मॅडम, हिज फादर इज नो मोअर. बॉडी इज वेटिंग. टुनाइट." व्याकरण गेलं खड्ड्यात. त्या मुलीने वर पाहिलं, मग संगणकात पाहिलं, मग कुणाला तरी फोन केला. पहाटे तीनच्या हैदराबादच्या विमानात एक जागा निघाली. तो पास घेऊन पळाला. वळून हात केला, बस्स.

पोचला का, बापाचं तोंड दिसलं का, मला माहीत नाही. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं, शिकागोला पोचलो, बॅगा पाचव्या दिवशी आल्या. लाडू शाबूत होते. इन्सुलिन फेकून दिलं. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं, हे मला जावयाने तेव्हा सांगितलं. नातू आम्ही पोचल्यावर अकराव्या दिवशी झाला. त्याने वाट पाहिली.

आता सभासदांच्या उपयोगाचं सांगतो, कारण हे कळायला मला फार महाग पडलं.

पहिलं, औषधं सगळी हातातल्या बॅगेत. इन्सुलिन, सुया, सगळं नेता येतं, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत मुलांकडे. औषध प्रवासाला लागतं त्याच्या दुप्पट दिवसांचं हाताशी ठेवा. माझ्यासारखा भागाकार करू नका.

दुसरं, शक्यतो सगळी विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. मग मधलं विमान चुकलं तर पुढचं देण्याची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी हात वर करते. आमचं नागपूर-मुंबई तिकीट वेगळं होतं. नशीब, वेळ होता.

तिसरं, उशीर झाला की आपला हक्क काय ते विचारा. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम आहेत. उशीर ठरावीक तासांपलीकडे गेला की खाणंपिणं द्यावं लागतं. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेलची सोय कंपनीने करायची असते.

चौथं, बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडू नका. तिथेच तक्रार नोंदवा, तिला पीआयआर म्हणतात. पाच अक्षरं आणि पाच आकड्यांचा नंबर मिळतो, तो जपा, बॅगेचा टॅगही जपा. 1999 चा माँट्रियल करार आहे, भारत त्यात 2009 साली सामील झाला. त्याप्रमाणे आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली असेल तर 7 दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर आहे, म्हणजे दोन हजार डॉलरच्या आसपास. पण जेवढं नुकसान दाखवाल तेवढंच मिळतं, म्हणून मधल्या काळात घेतलेल्या कपड्यालत्त्याच्या पावत्या ठेवा. आम्हाला स्वेटरचे आणि बुटांचे पैसे मिळाले. लाडवांची पावती नव्हती.

तुम्हाला गंमत सांगतो. सगळीकडून विमानं यायची, मध्ये एकत्र जमायची, सामान बदलायचं आणि पुन्हा पांगायचं, हे आज आखातवाले करतात. आपल्या नागपूरने हे 1949 सालीच केलं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून रात्री डाकेची डकोटा विमानं निघायची, मध्यरात्री सोनेगावला भेटायची, टपालाच्या थैल्या बदलून परत जायची. आजही आपल्या डोक्यावरून आखातातून पूर्वेकडे जाणारी विमानं जातात. कधी कुणा प्रवाशाची तब्येत बिघडली की ती नागपूरला उतरवतात, आपण पेपरात वाचतो. पूर्वी मी ती बातमी वाचून पान उलटायचो. आता वाटतं, तिथे एखादा मास्तर कोपऱ्यात गप्प बसला असेल, त्याला कुणी विचारलं का?

शेवटचं बोलतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथे नुसते प्लॉट होते, दगड गाडलेले. रस्ता नाही, दिवे नाहीत, पाणी दूरच्या हापशीचं. तेव्हा आपल्यापैकी कोण स्वतःच्या दारातल्या दिव्यासाठी अर्ज घेऊन गेलं होतं? कोणी नाही. लाज वाटायची. पण संस्थेचं लेटरहेड छापलं, आणि त्यावर आपण सगळ्यांसाठी मागितलं. रस्ता मागितला, दिवे मागितले, नळ मागितला. ताठ मानेने मागितलं, खेटे घातले आणि मिळवलं. सोसायटी म्हणजे दुसरं काय असतं हो? स्वतःसाठी ज्याचं तोंड उघडत नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्याने उघडायचं.

तर सचिवसाहेब, एक सूचना आहे, हवं तर पुढच्या सभेत विषय घ्या. लेआउटमधली कितीतरी म्हातारी जोडपी आता एकटी राहतात. प्रत्येक घराची एक चाबी आणि औषधांच्या चिठ्ठीची एक झेरॉक्स, शेजारच्या एका घरात असावी. कोणाची कुठे आहे, याची नोंद संस्थेच्या वहीत असावी. आमची कुठे आहे ते मी सांगितलंच. नालीचा प्रश्नही सुटला आहे, पाइप आम्ही अर्धा-अर्धा टाकला.

सौभाग्यवती घड्याळ दाखवून राहिल्या, जेवणाची वेळ झाली.