कमानीआधी पुस्तकं



शाळेला कमान बांधून द्यायचं आपलं जवळपास ठरलंय. माझी एक विनंती आहे. परवा मी दुसरीच्या वर्गात बसलो होतो. एका पोराला धडा तोंडपाठ होता, पण बोट भलत्याच शब्दावर!

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी लेकरं घरी कोलामी, गोंडी, बंजारा बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना नवीच असते. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहे, तिसरीपर्यंत समजून वाचता यावं. म्हणून आधी चित्रांची गोष्टीची पुस्तकं घेऊ, आणि लेकरांची बोली जाणणाऱ्या गावातल्याच एखाद्या ताईला वर्षभर मानधन देऊ.

कमानही बांधू. पण तिच्यावरची आपली नावं वाचायला तरी लेकरांना वाचता यायला हवं ना!