काटा कोणाच्या हाती?

(वेळापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मोजमापाचे राजकारण वेळापूरच्या शेतकऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. माळशिरस तालुक्यातील ऊस कारखान्यावर जातो तेव्हा त्याचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते, साखरेचा उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत निघतो, आणि १०.२५ टक्के या मूळ उताऱ्याला बांधलेला रास्त व किफायतशीर दर त्याच आकड्याने वर-खाली होतो. काटामारीविरुद्ध शेतकरी वेळोवेळी रस्त्यावर आला, तेव्हा ज्याने पैसे द्यायचे त्याच्याच हाती माप असावे काय, असा त्याचा सवाल होता. हाच सवाल संगणकाच्या बाजारातही विचारला पाहिजे.

हा विषय शहरी हौशी मंडळींचा, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावची विकास सोसायटी, शाळा, ग्रामपंचायत यांच्या दारात आता यंत्र येते ते जनतेच्या पैशाने. ते निवडताना विक्रेता व्यापारी मासिकांतील कोष्टके पुढे करतो. अमुक यंत्राला इतके गुण, तमुक यंत्र इतके टक्के वेगवान. संचालक मंडळ आकड्यापुढे मान तुकवते.

हा आकडा येतो कोठून? काही ठरावीक कामे यंत्राकडून करवून घ्यायची, लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून गुण काढायचे, या पद्धतीला बेंचमार्क म्हणतात. पद्धत मुळात शास्त्रीय आहे. परंतु ज्या मासिकात निकाल छापला जातो ते मासिक चालते मुख्यतः यंत्रे बनवणाऱ्यांच्या जाहिरातींवर. परीक्षणासाठी यंत्र बहुधा कंपनीच निवडून पाठवते. संपादक विकलेला असतो असे येथे म्हणावयाचे नाही. प्रामाणिक संपादकही या रचनेत बांधला जातो. शिवाय प्रश्नपत्रिका आधीच ठाऊक असल्यामुळे कंपनीचे अभियंते यंत्राला अभ्यासक्रम शिकवीत नाहीत, फक्त त्या प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेतात.

याचे दाखले नोंदलेले आहेत. १९८८ मध्ये उत्पादकांनीच एकत्र येऊन ‘स्पेक’ ही संस्था काढली. तिच्या १९८९ च्या चाचणीतील ‘मॅट्रिक्स ३००’ नावाचे एक गणित कंपायलर बनवणाऱ्यांनी असे हेरले की त्याचे गुण अनेक पटींनी फुगले. १९९२ च्या आवृत्तीतून ते वगळावे लागले. २००३ मध्ये फ्युचरमार्क या चाचणीकार कंपनीने जाहीर केले की एनव्हिडियाची ड्रायव्हर प्रणाली चाचणी ओळखून वागते, आणि ती युक्ती बंद करताच गुण २४ टक्क्यांनी घसरतात. पुढे थोड्याच दिवसांत दोघांचे संयुक्त निवेदन निघाले आणि ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेण्यात आला. परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्यात बळ कोणाचे अधिक, हे त्यातून उघड झाले. २०१३ मध्ये सॅमसंगच्या एका फोनमधील चित्रप्रक्रियेचा भाग निवडक चाचण्यांपुरता ५३२ मेगाहर्ट्‌झवर आणि इतर वेळी ४८० वर चालतो असे आढळले. त्या खटल्यात कंपनीने दोष मान्य न करता २०१९ मध्ये १ कोटी ३४ लाख डॉलरची तडजोड केली.

सॅमसंगचा हा प्रकार ‘आनंदटेक’ या प्रकाशनाच्या तपासणीतून समोर आला. स्वतंत्र तपासणी शक्य आहे, याचा तो पुरावा होय. मात्र १९९७ पासून चालत आलेले हे प्रकाशन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद पडले. खरे मापन खर्चिक असते, आणि बाजार त्याचा खर्च उचलत नाही.

जेथे लबाडी नाही तेथेही आकड्याला मर्यादा असते. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील ‘एका’ हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला, ही अभिमानाची गोष्ट होती. ते स्थान लिनपॅक या एकाच कसोटीवरचे होते; रेखीय समीकरणांचा प्रचंड संच यंत्र किती वेगाने सोडवते, एवढेच ती पाहते. तिचे जनक जॅक डोंगारा यांनी स्वतःच २०१३ मध्ये सहकाऱ्यासह दुसरी कसोटी सुचवली. तिच्यावर मोठमोठी यंत्रे आपल्या कमाल क्षमतेच्या काही टक्क्यांवरच राहतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा ‘अर्क’ आला आणि मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटीचा अंदाज देणारी प्रणाली सुरू झाली. शेतकऱ्याला पेटाफ्लॉप्सशी कर्तव्य नाही. अंदाज वेळेवर मिळाला काय आणि खरा ठरला काय, हीच त्याची कसोटी. आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापूरला पोहोचण्यापूर्वी वारकरी उतारावर धावा करतात. त्या धावेच्या वेगावरून आळंदी ते पंढरपूर या वाटचालीचा हिशेब कोणी मांडीत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धराव्यात. पहिली, सार्वजनिक पैशाने यंत्र घेताना कसोटी संस्थेच्या स्वतःच्या कामावर व्हावी. मार्चअखेरची सर्व कर्जखाती, त्यांचे व्याज, थकबाकीच्या याद्या आणि वीज गेल्यानंतर काम पुन्हा सुरू होण्यास लागणारा वेळ, हेच विकास सोसायटीचे खरे मोजमाप आहे, आणि ते निविदेच्या अटीत असले पाहिजे. दुसरी, चाचणी सभासदांसमोर, पुरवठादाराने निवडून न पाठवलेल्या यंत्रावर व्हावी आणि तिच्या सर्व अटी इतिवृत्तात नोंदवाव्यात. दुसऱ्याला तीच चाचणी करून तोच निकाल मिळत नसेल, तर त्या आकड्याला पुरावा म्हणता येणार नाही. तिसरी, सोलापूरच्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने आणि सरकारी तंत्रनिकेतनांनी अशी तपासणी सार्वजनिक खर्चाने करावी आणि निकाल मराठीत प्रसिद्ध करावेत. विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल, संस्थांना निःपक्ष सल्ला मिळेल.

मासिके वाचू नयेत, असा याचा अर्थ नाही. वाचावीत; पण प्रत्येक कोष्टकाखाली यंत्र कोणी दिले, काम कोणी ठरवले आणि खर्च कोणी केला, ही तीन उत्तरे शोधावीत. ती नसतील तर ते कोष्टक जाहिरात समजून बाजूला ठेवावे.

साथींनो, उसाच्या काट्यापुढे उभे राहून वजन पुन्हा करण्याची मागणी शेतकऱ्याने केली, तेव्हा त्याला कोणी तंत्रज्ञ म्हटले नव्हते. तेवढेच धैर्य सोसायटीच्या सभेत संगणकाच्या दरपत्रकापुढे दाखवले पाहिजे.