दगडी काळजाचं झाड



अर्जेंटिनाच्या ईशान्य टोकाला मिसिओनेस नावाचा प्रांत आहे. तिथल्या मिशनांवरूनच त्याला हे नाव पडलं. त्याची राजधानी पोसादास. तिथून साधारण साठ किलोमीटरवर सान इग्नासिओ नावाचं छोटं गाव लागतं. गावाच्या ऐन मध्यात तांबड्या वालुकाश्माच्या भिंती उभ्या आहेत, आणि दुकानं, खाणावळी, उतरायच्या खोल्या असा सगळा संसार त्यांच्या अवतीभवती थाटलेला आहे. हे अवशेष 'सान इग्नासिओ मिनी' या जेझुइट मिशनचे. मिनी म्हटलं की आपल्याला मिनी बस आठवते. पण हा शब्द गुआरानी भाषेतला. अर्थ मात्र तोच, लहान!

मी तिथं गेलेलो नाही. नकाशे, छायाचित्रं आणि पुस्तकं यांतूनच या गावाशी माझी ओळख.

मिशन मूळचं इथलं नव्हे. १६१० साली ते आजच्या ब्राझीलमध्ये वसलं. साओ पावलोहून गुलाम धरायला येणाऱ्या टोळ्यांनी तिथं जगणं अशक्य केलं. तेव्हा, १६३१ साली, आंतोनिओ रुईस दे मोंतोया या पाद्र्यानं आसपासच्या मिशनांतली माणसं नदीमार्गे खाली आणली. त्यानंच लिहून ठेवल्याप्रमाणे सातशे तराफे आणि बारा हजार माणसं. वाटेत प्रचंड धबधबा, मग जंगलातली पायपीट, उपासमार, रोगराई. कित्येक जण वाटेतच गेले. आजच्या जागी मिशन स्थिरावलं ते १६९६ मध्ये. देवळाचा आराखडा ब्रासानेली या इटालियन जेझुइटाचा. दगड घडवणारे, वाहणारे हात गुआरानींचे. पाटीवर मात्र नाव जेझुइटांचं. हे काही फक्त तिकडेच घडतं असं नाही.

तिथं गुलामगिरीपासून आसरा होता, हे खरं. पण उठायचं कधी, शेतावर जायचं कधी, प्रार्थना कधी, हे घंटा ठरवायची. १७६७ मध्ये स्पेनच्या राजानं जेझुइटांना हद्दपार केलं, आणि १८१७ साली पॅराग्वेच्या फौजेनं हे गाव उद्ध्वस्त केलं. मग रान माजलं. तिथं एका झाडानं दगडी खांबाला चहूबाजूंनी इतकं वेढलं की खांब त्याच्या पोटात गेला. लोक त्याला दगडी काळजाचं झाड म्हणतात. पुढं १९०३ मध्ये कवी लुगोनेस अवशेष पाहायला आला. सोबत छायाचित्रकार म्हणून ओरासिओ किरोगा. हा किरोगा त्या रानाच्या असा प्रेमात पडला की पुढं इथंच येऊन राहिला आणि त्यानं कथा लिहिल्या. १९८४ साली अवशेषांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

मला ओढ आहे ती भाषेची. मोंतोयानं गुआरानीचा मोठा कोश केला. तो १६३९ मध्ये माद्रिदला छापला गेला. त्याच्या थोडं आधी, १६१६ साली, आपल्याकडे गोव्यात रायतूरला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. ओवीत! आलेले दोघेही धर्म सांगायला, पण परक्या भाषेत इतके खोल उतरले. "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" असं मला अजूनही विचारतात. शेख महंमद श्रीगोंद्याला मराठीत लिहीत होते, त्यालाही चारशे वर्षं झाली. मी हसतो आणि चहा मागवतो.

आणखी एक नाव सांगतो. निकोलास यापुगुआय. हा गुआरानी नायक आणि संगीतकार. १७२४ साली, याच परिसरातल्या सांता मारिया मिशनमध्ये, त्याचं गुआरानी पुस्तक छापलं गेलं. लेखक म्हणून नाव त्याचं. पाद्र्याचं नाव मार्गदर्शक म्हणून. शब्दकोश परक्यानं करावा, ठीक आहे. पण त्या भाषेचा माणूस आपल्या नावानं छापला जातो, ती गोष्ट निराळी.

तरीही गुआरानी केवळ छापखान्यामुळं टिकली, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. आज पॅराग्वेत ती स्पॅनिशच्या बरोबरीनं राजभाषा आहे. आणि सान इग्नासिओत अवशेषांच्या आसपास टोपल्या, लाकडी प्राणी विकणारे म्बिया गुआरानी दिसतात. मिशनमध्ये न जाता जंगलातच राहिलेल्यांचे ते वंशज मानले जातात. त्यांच्या पूर्वजांसाठी कुणी कोश केला नव्हता. आजही ते आपल्या पोरांना गुआरानीतच हाका मारतात.