गाडी शोरूममध्ये बघा, कर्ज घरी ठरवा

आज जवळ वही-पेन असू द्या. थोडे आकडे सांगणार आहोत, पण घाबरू नका. गटाचा हिशेब जिला जमतो तिला हे आकडे सहज जमतील.

सध्या पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात कोणी नवी वस्तू घरात आणत नाही, गाडी तर नाहीच. पण घटस्थापना झाली की शोरूमच्या दारात मांडव पडतो, फुगे लागतात, आणि दसऱ्याला गाड्यांना हार घालायला जागा पुरत नाही. गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या बऱ्याच जणींनी सांगितले की यंदा दसऱ्याला स्कूटर घ्यायची आहे. म्हणून हा विषय आत्ताच घेतला. मुहूर्ताच्या दिवशी सांगून उपयोग नाही.

आपल्यासाठी गाडी म्हणजे हौस नव्हे. कोणी आशाताई आहे, तिला वाड्यावस्त्यांवर जावे लागते. कोणी डबे पोचवते, कोणी दूध घालते, कोणी शिवलेले कपडे बाजाराच्या गावी नेते. एसटी चुकली की दिवस बुडतो. गाडी आली की वेळ आपल्या हातात येते. पण हप्ता झेपला नाही, तर तीच गाडी एक दिवस दारातून उचलून नेतात, आणि जामीनदार म्हणून सही केलेल्या मैत्रिणीशीही बोलणे बंद होते. म्हणजे गाडी जाते आणि माणूसही जाते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. शोरूममध्ये आपल्याला दोन वस्तू विकल्या जातात. एक गाडी, दुसरे कर्ज. गाडीचा रंग, मायलेज, डिकी आपण पारखून घेतो. कर्ज मात्र शेवटच्या दहा मिनिटांत, चहा पिता पिता घेतो. बऱ्याच ठिकाणी कर्ज मिळवून दिल्याबद्दल शोरूमला फायनान्स कंपनीकडून मोबदला मिळतो. तिथल्या मुलालाही महिन्याचे टार्गेट असते. तो मुलगा वाईट असतो असे नाही. पण तो आपल्या फायद्याचा हिशेब मांडायला बसलेला नसतो. तो हिशेब आपणच मांडायचा.

तिथे काय बोलतात ते तुम्हीही ऐकले असेल. "ताई, महिन्याला किती हप्ता जमेल तेवढे सांगा, बाकी आम्ही बघतो." "आजच बुक केली तर ही स्कीम, उद्या नाही." "रोखीने घ्यायची तर गाडीला दीड महिना लागेल, फायनान्सवर उद्याच देतो." "मॅडम, कागदाचे राहू द्या, साहेबांना घेऊन या, त्यांना समजावतो." या प्रत्येक वाक्याला आपल्याकडे उत्तर हवे.

पहिले वाक्य हप्त्याचे. हप्ता किती, या प्रश्नातच मेख आहे. समजा, पदरचे पैसे घालून 80 हजारांचे कर्ज हवे आहे. शोरूमचा फायनान्सवाला म्हणतो, "फक्त 10 टक्के व्याज, तीन वर्षे." गावातली बँक म्हणते, "12 टक्के, तीन वर्षे." कोणीही म्हणेल, 10 टक्के स्वस्त. पण शोरूममधला दर बहुतेक वेळा फ्लॅट असतो. फ्लॅट म्हणजे पूर्ण 80 हजारांवर तिन्ही वर्षे व्याज. वर्षाला 8 हजार, तीन वर्षांचे 24 हजार. तीस हप्ते भरून झाले, मुद्दल थोडेसे उरले, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या 80 हजारांवरच धरलेले असते.

आपल्या गटात आपण असे करतो का? नाही. गटात मुद्दल जसे फिटते तसे व्याज कमी होते. उरलेल्या मुद्दलावर व्याज, हा आपला नियम. बँकेचा 12 टक्के दरही तसाच, घटत्या शिलकीवरचा. त्या दराने 80 हजारांचा हप्ता सुमारे 2,657 रुपये बसतो आणि तीन वर्षांचे व्याज साधारण 15,650 रुपये होते. फ्लॅट 10 टक्क्यांचा हप्ता सुमारे 2,889 रुपये आणि व्याज 24 हजार. म्हणजे "स्वस्त" कर्ज आठ हजारांहून जास्त महाग पडले. घटत्या शिलकीच्या भाषेत सांगायचे तर फ्लॅट 10 टक्के म्हणजे जवळजवळ 18 टक्के.

आता हप्ता जड वाटतो म्हटले की तो मुलगा काय करतो? तीनाची चार वर्षे करतो. हप्ता 2,889 वरून 2,333 होतो. महिन्याला साडेपाचशे वाचले म्हणून आपण खूश. पण व्याज 24 हजारांवरून 32 हजार झाले. म्हणून मैत्रिणींनो, प्रश्न बदला. हप्ता किती हे नंतर विचारा. आधी विचारा, "माझ्या हातून एकूण किती रुपये जाणार?" हप्ता गुणिले महिने, त्यात पदरचे पैसे आणि फाइल चार्ज मिळवा. ही एकच बेरीज सगळे उघडे करते.

"झीरो टक्के" ऐकले तरी हीच बेरीज करा. व्याज दिसत नसेल तर ते फाइल चार्जमध्ये असते, किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळालेली नसते.

दुसरे वाक्य घाईचे. आजच सही करा, नाहीतर स्कीम जाईल. इथे एक नियम आपल्या बाजूने उभा आहे. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून असे बंधन घातले आहे की बँक असो वा फायनान्स कंपनी, अशा कर्जाआधी ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' दिलेच पाहिजे. म्हणजे कर्जाची सगळी मुख्य माहिती सांगणारा कागद, तोही आपल्याला समजेल अशा भाषेत. त्यावर सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, त्याला एपीआर म्हणतात. फ्लॅटचे सोंग तिथे गळून पडते. आणि तो कागद दिल्यावर त्यावरच्या अटी कामकाजाचे किमान तीन दिवस कायम ठेवाव्या लागतात. त्या कागदावर नसलेले शुल्क आपल्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. म्हणून म्हणायचे, "दादा, की फॅक्ट स्टेटमेंट द्या, घरी वाचून सांगते." पतसंस्थेला मात्र हा नियम लागू नाही. तिथे सगळे लेखी मागून घ्या.

घाईत आणखी एक गोष्ट होते. "ताई, मोबाईलवर नंबर आला असेल, तेवढा सांगा." तो ओटीपी म्हणजे आजकाल आपली सही असते. नुसती चौकशी करायला गेलो आणि ओटीपी दिला, तर कर्जाचा अर्ज भरला जाऊ शकतो. एकाच दिवशी चार कंपन्यांकडे अर्ज गेले, तर त्या चौकशा आपल्या क्रेडिट अहवालात नोंदल्या जातात. कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही. विशेषतः 29 आणि 30 नंबरचे फॉर्म पाहून घ्या. ते गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे असतात. नवी गाडी घेताना ते कोरे सही करून का द्यायचे, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

तिसरे वाक्य, रोखीने गाडी नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. लाख-सव्वा लाखाच्या स्कूटरला ती अडचण नाही. तरीही नोटा नेण्यापेक्षा चेक, डीडी किंवा बँकेतून थेट रक्कम पाठवणे चांगले. पुरावा राहतो. बँकेचे कर्ज आधीच मंजूर असेल तर शोरूमच्या दृष्टीने आपण रोखीचेच गिऱ्हाईक. तरी अडवले तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. तालुक्याला नसेल तर जिल्ह्याला असतेच.

आता कोटेशनचा कागद. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स आणि पासिंग, विमा, या ओळी असणारच. त्याखाली हँडलिंग, अॅक्सेसरीज, अशा ओळी हळूच येतात. हँडलिंग हा सरकारी कर नाही. तो कशाबद्दल आहे हे विचारा आणि काढायला सांगा. साडीगार्डचे वेगळे पैसे लावले असतील तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगा. मागे बसणाऱ्यासाठी धरायची पकड, पाय ठेवायची जागा आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारे आवरण दुचाकीला असलेच पाहिजे, असे तो नियम म्हणतो. गाडीबरोबर हेल्मेट देणेही याच नियमावलीत आहे.

विम्याचे थोडक्यात सांगतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा लागतो, पण तो आधीच असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा कर्ज देणारा मागतो, तो वर्षाचा घेता येतो. हे सगळे शोरूममधूनच घेतले पाहिजे असे नाही. बाहेरून दर काढून बघा. आणि कर्जदाराचा जीवन विमा कर्जाच्या रकमेत गुपचूप मिळवला असेल, तर तो कायद्याने सक्तीचा नाही. हवा असेल तर समजून घ्या, नको असेल तर नाही म्हणा.

चौथे वाक्य, "साहेबांना घेऊन या." त्याला आमचे उत्तर असे, "हप्ता मी भरणार आहे, मलाच समजावा." सोबत न्यायचेच असेल तर गटातली हिशेबात पक्की मैत्रीण न्या. दोघी असल्या की एकीला घाई झाली तरी दुसरी थांबवते.

शोरूमचे कर्ज नेहमीच वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. ज्या बाईकडे पगाराची स्लिप नाही, आयकराचे कागद नाहीत, तिला बँक कधी कधी दारातूनच परत पाठवते. तिथे फायनान्स कंपनी कर्ज देते, लवकर देते. तुलना करून, एकूण रुपये बघून तेच बरे वाटले, तर जरूर घ्या. पण आधी तुमचे नि गटाचे खाते असलेल्या बँकेत विचारा. पदरचे पैसे जास्त भरता आले तर कर्ज लहान होते. मात्र पदरची रक्कम भरायला दुसरीकडून कर्ज काढू नका. दोन हप्ते एका कमाईवर चालत नाहीत.

सही करण्यापूर्वी पाच प्रश्न वहीत लिहून घ्या. एक, दर फ्लॅट की घटत्या शिलकीवर, आणि एपीआर किती? दोन, एकूण रुपये किती जाणार? तीन, फाइल चार्ज आणि विमा धरून कर्जात काय काय मिळवले आहे? चार, हप्ता चुकला तर दंड किती? दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, हे लक्षात ठेवा. पाच, मुदतीआधी फेडले तर शुल्क किती? वाहनकर्जाचा दर बहुधा ठरलेला, न बदलणारा असतो आणि अशा कर्जावर हे शुल्क लागू शकते.

कर्ज फिटल्यावरही एक काम उरते. आरसीवर कर्ज देणाऱ्याचे नाव चढलेले असते. त्यांच्याकडून ना हरकत दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओतून ते नाव उतरवायचे. ते राहिले तर पुढे गाडी विकताना अडते.

आणि वसुलीवाले त्रास देऊ लागले तर? सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करू नये, धमकी देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने बजावले आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी क्रमांक 14448. शोरूमबद्दलच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मैत्रिणींनो, पितृपक्षात गाडी घ्यायची नसते, पण कोटेशन घ्यायला कोणाची मनाई आहे? सध्या शोरूममध्ये गर्दी नाही, बोलायला निवांत वेळ मिळतो. दोन शोरूम आणि दोन बँका फिरून या, कागद गोळा करा आणि गटाच्या बैठकीत मांडा. सगळ्याजणी मिळून बेरीज करू. मग दसऱ्याला फक्त गाडी आणायला जायचे. त्या दिवशी नारळ फोडायचा, हार घालायचा. सही मात्र आधी घरी वाचून झालेल्या कागदावरच करायची.

तुमच्या गावच्या कोटेशनमध्ये काही वेगळे आढळले तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.